घाई कुठे करायची, धीर कुठे धरायचा

थायरॉइडच्या कॅन्सरबद्दल नातेवाइकांत, शेजाऱ्यांत, कधी कधी डॉक्टरांच्या तोंडूनही एक वाक्य हमखास ऐकू येते : "कॅन्सर व्हायचाच असेल तर हा झालेला बरा." बहुतेक रुग्णांना ते खरोखर लागू पडते. शस्त्रक्रिया होते, गरज असेल तर किरणोत्सारी आयोडीनचा डोस मिळतो, रोज सकाळी एक गोळी सुरू होते आणि माणूस पुढची कित्येक वर्षे आपल्या कामाला लागतो. हे प्रकरण उरलेल्या थोड्या रुग्णांचे आहे. त्यांच्यासाठी हेच वाक्य घातक ठरते, कारण ते ऐकून सगळे घर निवांत होते आणि या रुग्णांकडे निवांत राहण्याइतका वेळच नसतो.

आक्रमक थायरॉइड कॅन्सरमध्ये काही निर्णय दिवसांत घ्यावे लागतात, तर काही महिनोन् महिने जाणूनबुजून लांबवावे लागतात. घाईच्या जागी धीर धरला तर जीव जातो आणि धीराच्या जागी घाई केली तर औषधांचा त्रास व खर्च विनाकारण अंगावर येतो. यातली कोणती वेळ आपल्यावर आली आहे हे ओळखणे, यातच या उपचारांचा गाभा आहे.

एकाच ग्रंथीचे अनेक आजार

गळ्याच्या पुढच्या बाजूला, कंठमण्याच्या जरा खाली, श्वासनलिकेला बिलगून थायरॉइड ग्रंथी असते. तिचे वजन जेमतेम १५ ते २५ ग्रॅम. रक्तातले आयोडीन ओढून घेऊन ती शरीराच्या चयापचयाचा वेग ठरवणारी संप्रेरके बनवते. तिच्या मागच्या बाजूने स्वरयंत्राच्या नसा वर जातात आणि तिथेच रक्तातले कॅल्शियम सांभाळणाऱ्या चार इवल्या पॅराथायरॉइड ग्रंथी चिकटलेल्या असतात. शेजारी अन्ननलिका, बाजूला मेंदूकडे जाणाऱ्या मोठ्या रक्तवाहिन्या. जागा इतकी अडचणीची, की इथे गाठ किती मोठी यापेक्षा ती कशाला चिकटली हा प्रश्न अनेकदा महत्त्वाचा ठरतो.

या ग्रंथीच्या कॅन्सरपैकी ८० टक्क्यांहून अधिक पॅपिलरी प्रकारचे असतात. त्याखालोखाल फॉलिक्युलर. या दोन्हींच्या पेशी मूळ थायरॉइड पेशींचे गुण बऱ्याच अंशी राखून असतात, आयोडीन ओढतात, म्हणून उपचारांना दाद देतात. पॅपिलरीचेच टॉल सेल किंवा हॉबनेलसारखे काही उपप्रकार मात्र जास्त आडदांड असतात. त्यापुढे 'पुअरली डिफरन्शिएटेड' हा प्रकार येतो, ज्यात पेशी मूळ गुण विसरू लागलेल्या असतात. टोकाला ॲनाप्लास्टिक. या पेशींमध्ये थायरॉइडची ओळखच उरत नाही. एकूण थायरॉइड कॅन्सरमध्ये त्याचे प्रमाण १ ते २ टक्के, पण तो इतका वेगवान, की निदान झाले की त्याची गणना थेट चौथ्या टप्प्यातच होते. या सगळ्यांपासून वेगळा प्रकार मेड्युलरी, ३ ते ५ टक्के रुग्णांत आढळणारा. त्याच्याकडे आपण पुढे येऊ.

दुसरे टोकही पाहून ठेवले पाहिजे. जपानमधल्या कोबे शहरातल्या कुमा हॉस्पिटलने १९९३ पासून १ सेंटिमीटर किंवा त्याहून लहान, धोक्याची लक्षणे नसलेल्या पॅपिलरी गाठींवर लगेच शस्त्रक्रिया न करता त्यांच्यावर नजर ठेवायला सुरुवात केली. यातल्या बहुतेक गाठी वर्षानुवर्षे वाढल्याच नाहीत. दक्षिण कोरियात याच्या उलट घडले. सरसकट सोनोग्राफी सुरू झाली आणि २०११ मध्ये थायरॉइड कॅन्सरच्या निदानाचे प्रमाण १९९३ च्या १५ पट झाले. मृत्यूंचे प्रमाण होते तिथेच राहिले. हजारो लोकांच्या गळ्यावर अशा गाठींसाठी शस्त्रक्रिया झाली, ज्यांनी त्यांना कधीच त्रास दिला नसता. एकाच ग्रंथीत एक गाठ वीस वर्षे पाहत बसण्याजोगी असते आणि दुसरी वीस दिवसही थांबत नाही.

जुना गलगंड अचानक वाढतो तेव्हा

समजा, आजरा तालुक्यातल्या एका वाडीवर सत्तरी ओलांडलेल्या एक आज्जी आहेत. गळ्याला गाठ वीस वर्षांपासून. "गंड हाय, जुनाच हाय, दुखत न्हाई," असे त्या विचारणाऱ्याला सांगत आल्या. गेल्या महिन्याभरात ती गाठ दुप्पट झाली आहे. आवाज घोगरा झाला तेव्हा घरच्यांना वाटले, थंडीने बसला असेल. हळद घातलेले दूध झाले, गुळण्या झाल्या. आता भाकरी घशात अडकते, चहा पिताना ठसका लागतो आणि उताणे झोपले की श्वासाला आवाज येतो.

ॲनाप्लास्टिक कॅन्सर बहुतेकदा साठीपुढच्या माणसांना होतो. पुष्कळ रुग्णांच्या गळ्यात आधीपासून जुना गलगंड किंवा जुना, सौम्य थायरॉइड कॅन्सर असतो. त्यातल्याच काही पेशी एकेक जनुकीय बिघाड साठवत जातात आणि एक दिवस ताबा सुटतो. म्हणून गावातल्या आशाताईंपासून तालुक्याच्या डॉक्टरांपर्यंत प्रत्येकाने एक गोष्ट लक्षात ठेवावी : वीस वर्षे शांत असलेली गाठ काही आठवड्यांत वाढू लागली, की ती जुनी असल्याचा दिलासा संपला. सोबत आवाज बसला असेल, गिळताना अडत असेल किंवा श्वासाला घरघर लागली असेल, तर पुढच्या बाजारच्या दिवसाची वाट न पाहता त्याच दिवशी निघायचे.

निघून जायचे कुठे? कोल्हापूर शहरात सरकारी छत्रपती प्रमिलाराजे रुग्णालय आहे, ज्याला सगळा जिल्हा 'सीपीआर' म्हणून ओळखतो आणि जे राजर्षी छत्रपती शाहू महाराज शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाशी जोडलेले आहे. गोकुळ शिरगावला कोल्हापूर कॅन्सर सेंटर आहे, शेजारी मिरजेत सिद्धिविनायक गणपती कॅन्सर रुग्णालय आहे. गलगंडाचा रुग्ण सहसा आधी जनरल सर्जनकडे किंवा एंडोक्राइनच्या डॉक्टरांकडे जातो. श्वासाला आवाज येत असेल तर मात्र पहिली गाठ कान-नाक-घसा तज्ज्ञांची घ्यावी. श्वासाची वाट किती उरली आहे आणि स्वरतंतू हलतात की नाही, हे नाकातून बारीक दुर्बीण घालून ते काही मिनिटांत सांगू शकतात.

पहिला आठवडा

त्या आठवड्यात तपासण्या एकामागून एक करत बसण्याऐवजी जमेल तेवढ्या एकत्र उरकायच्या असतात. गळ्याची सोनोग्राफी, मान आणि छातीचा सीटी स्कॅन, सोय असेल तिथे पेट स्कॅन, रक्ताच्या तपासण्या. सौम्य थायरॉइड कॅन्सरमध्ये सीटीसाठी आयोडीनयुक्त डाय टोचायला डॉक्टर कचरतात, कारण त्यामुळे पुढचा किरणोत्सारी आयोडीनचा डोस काही आठवडे लांबतो. इथे तो विचार बाजूला ठेवावा लागतो. गाठ श्वासनलिकेत घुसली आहे का, रक्तवाहिनीला वेढा घातला आहे का, हे आधी कळले पाहिजे.

सर्वांत मोलाची तपासणी तुकड्याची. गाठीतून बारीक सुईने पेशी ओढून घेण्याची नेहमीची तपासणी इथे अनेकदा अपुरी पडते, कारण गाठीचा बराच भाग आतून मेलेला असतो. म्हणून जाड सुईने तुकडाच घ्यावा लागतो. या तुकड्यावर खूप काही अवलंबून असते. म्हाताऱ्या माणसाच्या गळ्यात झपाट्याने वाढणारी प्रत्येक गाठ ॲनाप्लास्टिक असतेच असे नाही. हाशिमोटो नावाच्या थायरॉइडच्या जुन्या दाहातून लिम्फोमा उद्भवू शकतो, आणि तो दिसायला अगदी असाच : पटकन वाढणारा, घट्ट, श्वास अडवणारा. पण लिम्फोमा केमोथेरपी आणि रेडिएशनला फार चांगली दाद देतो, बरेच रुग्ण पूर्ण बरे होतात, आणि त्यासाठी मोठी शस्त्रक्रिया सहसा लागत नाही. तुकड्याचा रिपोर्ट येण्याआधीच "आता काही उपयोग नाही, घरी न्या" असे ठरवणारे घर कदाचित बऱ्या होणाऱ्या माणसाला घरी नेत असते.

याच तुकड्यावर जनुकीय बदलांची तपासणी करायची असते आणि ती पहिल्याच दिवशी मागायची असते. बीआरएएफ व्ही६००ई नावाचा बदल ॲनाप्लास्टिकच्या साधारण ४० टक्के रुग्णांत सापडतो. पॅथॉलॉजीच्या प्रयोगशाळेत एका विशिष्ट रंगतपासणीने त्याचा अंदाज काही दिवसांत मिळू शकतो. सर्व जनुकांची सविस्तर तपासणी यायला आठवडे लागतात, म्हणून दोन्ही एकदमच पाठवायच्या.

तोवर श्वासाचे काय? गळ्यात छिद्र पाडून नळी बसवण्याला, म्हणजे ट्रॅकिओस्टॉमीला, घरचे लोक फार घाबरतात. गरज नसताना ती करूही नये, कारण या गाठीतून नळी बसवणे अवघड असते, जखम भरत नाही आणि पुढचे उपचार लांबतात. पण वेळ आली तर करायची की नाही, हे रुग्ण शुद्धीत आणि बोलता असतानाच त्याला विचारून ठरवले पाहिजे. मध्यरात्री ॲम्ब्युलन्समध्ये हा प्रश्न मुलांवर येऊन पडणे, ही टाळता येण्यासारखी वेदना आहे.

जिथे दार थोडे उघडले

काही वर्षांपूर्वीपर्यंत ॲनाप्लास्टिकचे निदान म्हणजे बहुतेक रुग्णांसाठी काही महिन्यांचे आयुष्य. ही परिस्थिती हळूहळू बदलते आहे. बीआरएएफ बदल असलेल्या रुग्णांना डॅब्राफेनिब आणि ट्रॅमेटिनिब या दोन गोळ्या एकत्र दिल्यावर गाठी झपाट्याने आक्रसतात असे दिसले. पहिल्या १६ रुग्णांपैकी ६९ टक्क्यांत गाठ लक्षणीय लहान झाली आणि मे २०१८ मध्ये अमेरिकेने या जोडीला या आजारासाठी मान्यता दिली. अमेरिकेतल्या ह्यूस्टनच्या एम. डी. अँडरसन कॅन्सर सेंटरने आपल्या जवळपास ५०० रुग्णांचा हिशेब २०२० मध्ये मांडला. २००० ते २०१३ या काळात वर्षभर जगणारे रुग्ण ३५ टक्के होते. २०१७ ते २०१९ मध्ये ते ५९ टक्के झाले. आधी गोळ्यांनी गाठ लहान करून मग शस्त्रक्रिया करता आली, अशा निवडक रुग्णांचे निकाल सर्वांत चांगले होते.

गोळ्यांबरोबरच हे श्रेय तिथल्या कामाच्या पद्धतीलाही आहे. असा रुग्ण आला की रांग मोडून त्याला आत घ्यायचे आणि सगळ्या तज्ज्ञांनी काही दिवसांतच एकत्र बसायचे, अशी व्यवस्था त्यांनी २०१४ पासून लावली. गोळ्या महाग आहेत आणि कोल्हापुरातल्या प्रत्येक घराला परवडणार नाहीत. तपासण्या एकत्र करणे, तुकडा लवकर पाठवणे आणि सर्जन, रेडिएशनचे डॉक्टर, मेडिकल ऑन्कोलॉजिस्ट यांनी एका टेबलावर बसणे, याला मात्र फारसा पैसा लागत नाही. तो भाग आपल्याला आजच उचलता येतो.

बीआरएएफ बदल नसेल तर गाठ काढता येण्यासारखी आहे का ते पाहतात. त्यानंतर, किंवा शस्त्रक्रिया शक्य नसेल तर सुरुवातीलाच, पाच-सहा आठवडे नेमके रेडिएशन आणि सोबत केमोथेरपी देतात. प्रकृती फार खालावलेली असेल तर कमी दिवसांचे रेडिएशन देऊन गिळणे आणि श्वास सुकर ठेवतात.

सगळ्या घराची तपासणी

मेड्युलरी कॅन्सर थायरॉइडमधल्या सी पेशींतून निघतो. या पेशी आयोडीन ओढत नाहीत, म्हणून किरणोत्सारी आयोडीनचा इथे उपयोग नाही. त्यांच्यातून कॅल्सिटोनिन नावाचे संप्रेरक बाहेर पडते, त्याच्या रक्तातल्या पातळीवरून आजाराचा माग काढता येतो. दर चार मेड्युलरी रुग्णांमागे साधारण एकाचा आजार आनुवंशिक असतो. आरईटी या जनुकातला दोष आई किंवा वडिलांकडून येतो आणि प्रत्येक मुलाला तो मिळण्याची शक्यता ५० टक्के असते.

म्हणून मेड्युलरीचा रिपोर्ट हातात पडला, की रुग्णाच्या आरईटी जनुकाची तपासणी झालीच पाहिजे. दोष सापडला तर भावंडे आणि मुले यांचीही. ज्या लहान मुलात तो सापडतो, त्याची ग्रंथी कॅन्सर होण्याआधीच काढून त्याला आयुष्यभरासाठी वाचवता येते. लग्न ठरण्यात अडचण येईल या भीतीने पुष्कळ घरे हा विषय दाबून ठेवतात. दाबलेला रिपोर्ट पुढच्या पिढीच्या गळ्यात गाठ होऊन येतो. आणखी एक काळजी : या कुटुंबांत मूत्रपिंडावरच्या ॲड्रिनल ग्रंथीत रक्तदाब भडकवणारी गाठ असू शकते. थायरॉइडची शस्त्रक्रिया करण्याआधी ती नाही ना, याची खात्री करावीच लागते.

ट्रॉम्बेचे आयोडीन आणि परळची खोली

पॅपिलरी, फॉलिक्युलर आणि काही पुअरली डिफरन्शिएटेड कॅन्सर शरीरात पसरले तरी आयोडीन ओढतात. या गुणाचा फायदा घेऊन त्यांना आयोडीन-१३१ देतात. त्याचे बीटा किरण पेशींमध्ये एक-दोन मिलिमीटरच जातात, त्यामुळे मार मुख्यतः गाठीलाच बसतो. दर आठ दिवसांनी त्याची तीव्रता निम्मी होते. बोस्टनमध्ये सॉल हर्ट्झ यांनी १९४१ मध्ये थायरॉइडच्या रुग्णावर किरणोत्सारी आयोडीन प्रथम वापरले. पसरलेल्या थायरॉइड कॅन्सरवर ते चालते हे सॅम्युअल सायडलिन आणि सहकाऱ्यांनी न्यूयॉर्कहून १९४६ मध्ये जगाला दाखवले.

महाराष्ट्राचे या उपचाराशी जवळचे नाते आहे. भाभा अणुसंशोधन केंद्राने १९६३ मध्ये रेडिएशन मेडिसिन सेंटर सुरू केले, जे परळला टाटा मेमोरियल रुग्णालयाच्या ॲनेक्स इमारतीत आहे. देशातल्या अणुऔषधशास्त्राचा पाया तिथे घातला गेला. ट्रॉम्बेच्या अणुभट्टीत तयार होणारे आयोडीन वाशीच्या 'ब्रिट' या सरकारी संस्थेमार्फत देशभरच्या रुग्णालयांत जाते. कोल्हापूरच्या कितीतरी कुटुंबांना महालक्ष्मी एक्स्प्रेसची रात्र, दादरची संत गाडगे महाराज धर्मशाळा आणि परळची ओपीडी हा रस्ता पाठ आहे.

डोसआधी तीन-चार आठवडे थायरॉइडची गोळी थांबवतात किंवा खास इंजेक्शने देतात, म्हणजे टीएसएच हे थायरॉइडला चालना देणारे संप्रेरक वाढते आणि उरलेल्या पेशी आयोडीनसाठी भुकेल्या होतात. एक ते दोन आठवडे आयोडीन कमी असलेला आहार ठेवतात. रोजचे आयोडीनयुक्त मीठ, मासळी, अंडी, बेकरीचे पदार्थ आणि दूध-दही बंद. गंगावेशीच्या कट्ट्यावर ताजे दूध पिणाऱ्या गावाला यातले दूध सोडणे सर्वांत जड जाते, पण थोड्या दिवसांचाच प्रश्न असतो. मिठाच्या पुड्यावर 'आयोडीनयुक्त नाही' असे छापलेले पाहूनच ते घ्यावे. सैंधवाच्या पुड्यावरही नजर टाकावी.

डोस दिल्यावर रुग्णाला दोन-तीन दिवस वेगळ्या, किरणरोधक भिंतींच्या खोलीत ठेवतात. ही सोय असलेल्या आणि अणुऊर्जा नियामक मंडळाची परवानगी असलेल्या रुग्णालयातच हा उपचार होतो. घरी आल्यावर ठरावीक दिवस लहान मुले आणि गरोदर बायकांपासून अंतर ठेवायचे. घराने याचा अर्थ वाळीत टाकणे असा करू नये. दोन हात लांबून गप्पा मारायला काहीच हरकत नाही.

आयोडीन चालेनासे झाले तर

पसरलेला आजार कालांतराने आयोडीन ओढणे सोडून देऊ शकतो. इथे घर घाबरते आणि नवीन गोळी लगेच सुरू करा म्हणून मागे लागते. अशा वेळी अनेकदा धीर धरणे हाच योग्य उपचार असतो. फुप्फुसातल्या बारीक गाठी महिनोन् महिने तेवढ्याच असतील आणि रुग्णाला काही त्रास नसेल, तर टीएसएच दाबून ठेवणारी रोजची गोळी आणि ठरावीक अंतराने स्कॅन पुरेसे असते. थायरॉइडच्या पेशींतून रक्तात येणाऱ्या थायरोग्लोब्युलिन या प्रथिनाचा आकडा किती वेगाने वाढतो, त्यावरून पुढचा अंदाज बांधतात.

गाठी वाढू लागल्या की सोराफेनिब किंवा लेन्वाटिनिबसारखी औषधे येतात. २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात लेन्वाटिनिब घेणाऱ्यांचा आजार सरासरी १८.३ महिने आटोक्यात राहिला. नुसत्या नकली गोळीवर असलेल्यांचा ३.६ महिने. पण त्याची किंमत शरीर मोजते : रक्तदाब चढतो, जुलाब होतात, तळहात-तळपाय सोलवटतात, वजन उतरते, लघवीतून प्रथिने जातात. घरी रक्तदाबाचे यंत्र ठेवून रोजचा आकडा वहीत लिहावा. खर्डा, लोणचे, पापड यांना आवर घालावा. त्रास वाढला तर गोळी मनाने बंद करू नये आणि सोसतही बसू नये. डॉक्टर डोस कमी करतात, मध्ये खंड देतात, आणि औषध पुढे चालू राहते.

पैसा, कागद आणि आधार

पांढरे रेशनकार्ड आहे म्हणून महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजना आपल्यासाठी नाही, असे समजून पुष्कळ लोक चौकशीच करत नाहीत. राज्य सरकारने २०२३ मध्ये ही योजना सर्व रेशनकार्डधारकांसाठी खुली करण्याचा आणि कुटुंबाचे संरक्षण ५ लाखांपर्यंत नेण्याचा निर्णय घेतला. कोणता उपचार योजनेत बसतो हे रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला पहिल्याच दिवशी विचारावे. देशभरची कॅन्सर रुग्णालये नॅशनल कॅन्सर ग्रिडने २०१२ पासून एकमेकांशी जोडली आहेत. अवघड रुग्णावर दूरच्या तज्ज्ञांचे मत घेण्याची सोय त्यातून होते, त्यामुळे प्रत्येक वेळी रुग्णाला मुंबईला नेण्याची गरज उरत नाही.

वेदना, धाप, भीती यांवरचे उपचार म्हणजे परिहारक सेवा. शेवटी काहीच उरले नाही की मग ती शोधायची, ही समजूत सोडून दिली पाहिजे. ॲनाप्लास्टिकच्या रुग्णाला ती पहिल्या आठवड्यापासून, कॅन्सरच्या उपचारांच्या सोबतीनेच मिळायला हवी. मॉर्फिनच्या गोळीने वेदना आणि धाप दोन्ही कमी होतात. डॉक्टरांच्या देखरेखीखाली घेतली तर व्यसन लागण्याची भीती नगण्य असते. २०१४ मध्ये कायद्यात दुरुस्ती होऊन ती मिळवणे रुग्णालयांना सोपे झाले आहे. पुण्यात वारजे इथले सिप्ला पॅलिएटिव्ह केअर सेंटर १९९७ पासून कॅन्सरच्या रुग्णांना आणि त्यांच्यासोबतच्या माणसाला विनामूल्य सांभाळते.

आपल्याकडे घरचे लोक डॉक्टरांना बाजूला घेऊन सांगतात, "पेशंटला काही सांगू नका." त्यामागे माया असते, हे मान्य. पण गळ्याच्या या आजारात आवाज जाऊ शकतो, आणि मग रुग्णाला काय हवे होते हे विचारायची सोय राहत नाही. आज्जींना घरी राहायचे आहे की रुग्णालयात, नळी हवी की नको, जमीन कोणाच्या नावावर करायची आहे, कोणाला भेटायचे आहे, हे त्यांच्या तोंडून ऐकून घेणे हा त्यांचा हक्क आहे. आजार सौम्य असो की आक्रमक, रुग्णाला खरे सांगण्यात उशीर करायला या उपचारांत कुठेही जागा नाही.